परसदार : कुमुद झोपते, मरत नाही

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी मोठ्या तळमळीने पत्र लिहिले आहे. त्यांनी गच्चीवर एका टाकीत ‘नीलकमळ’ लावले होते. पावसाळ्यात फुले भरपूर आली. मार्गशीर्षाच्या सुमारास पाने लहान होत गेली आणि पौषात उरली ती केवळ काळपट देठे. ‘मेले ते झाड, शिवाय डास होतात’ असे म्हणून घरच्या मंडळींनी टाकी उपडी केली आणि चिखल कचऱ्याच्या गाडीत गेला. ‘सासूबाईंच्या माहेरच्या गावतळ्यात हीच फुले होती. ते तळे बुजवून आता तेथे वस्ती झाली आहे. निदान आपल्या घरी तरी ती फुलावीत एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि त्यांचे वय ब्याऐंशी. पुन्हा लावू का, की हे आमच्या हातचे काम नव्हे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

जरूर लावावे, आणि याच मृगावर लावावे. कारण जो चिखल गाडीत गेला त्यात झाड बहुधा जिवंत होते. तळ्यातली ही फुले बाराही महिने जागी राहणारी नव्हेत. वर्षातील काही काळ कंदरूपाने चिखलात पडून राहणे हा त्यांचा जन्मजात स्वभाव आहे. तो ठाऊक नसल्यामुळे आजवर किती घरांतून जिवंत कंद बाहेर फेकले गेले असतील याची गणतीच नाही.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. टाकीत फुलले ते कमळ नव्हे, कुमुद. आपण बोलताना दोहोंना सरसकट कमळ म्हणतो, पण आपल्या पूर्वजांनी ही गल्लत केली नव्हती. अमरकोशाच्या वारिवर्गात कुमुद, कैरव, उत्पल, कुवलय, इंदीवर ही नावे कमळाच्या नावांपासून निराळी आलेली आहेत. ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. कमळाचे पान अखंड वाटोळे, देठ बरोबर मध्यावर, आणि मोठी पाने पाण्याच्या वर दांडीवर उभी राहतात. त्यांवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. कुमुदाचे पान पाण्यावर आडवे पसरते आणि त्याला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. कुमुदात कमळासारखे मधोमध भोकाभोकांचे कणीसही नसते. गेल्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी होऊ लागली, तेव्हा तर एक नवलच उघड झाले : कमळाचे जवळचे नाते कुमुदाशी नसून काश्मीरच्या चिनार वृक्षाशी आहे! कुमुदाचा खरा सोयरा म्हणजे मखाणा. उपासाला आपण तुपावर परतून खातो तो मखाणा ‘कमळाचे बी’ म्हणून विकला जात असला, तरी तो कमळाचा नव्हे. कुमुदाच्याच कुळातील एका काटेरी पाणवनस्पतीचे ते बी आहे.

कुमुदाच्या दोन देशी जाती आपल्या तळ्यांतून विशेष आढळतात. एक दिवसा फुलणारी, निळसर, क्वचित पांढरी वा फिकट गुलाबी. तिला उत्पल म्हणावे. दुसरी सायंकाळी उमलून दुसऱ्या दिवशी नऊ-दहाच्या सुमारास मिटणारी, पांढरी किंवा गुलाबी. हिच्या पानाच्या कडेला दाते असतात व पानाची खालची बाजू मऊ लवेने भरलेली असते. चंद्राला ‘कुमुदबांधव’ म्हणतात तो या दुसरीमुळे. अर्थात् कळीला उमलवतो तो अंधार, चंद्र नव्हे. अमावास्येलाही ती तितक्याच इमानाने उमलते. कवींनी चंद्रास दिलेले श्रेय आपण काढून घेऊ नये हे खरे, पण कोजागिरीला फुले येतीलच अशा भरवशावर पाहुण्यांना मात्र बोलावू नये.

या वेळापत्रकाचा एक व्यावहारिक अर्थ आहे. ज्या घरातील सारी माणसे साडेनऊला बाहेर पडून सायंकाळी सहाला परततात, त्यांनी उत्पल लावले तर रविवारखेरीज फुलाचे दर्शन दुर्मीळ. त्यांनी रात्री फुलणारे पांढरे कुमुद लावावे. सकाळच्या चहाच्या वेळी ते पूर्ण उमललेले असते. घरी वडील मंडळी दिवसभर असतील तर उत्पलाइतके सोबतीचे फूल नाही. इंदूरच्या सासूबाईंसाठी तेच योग्य.

आपण जिथे जिथे स्थायिक झालो तिथल्या भाषेत या फुलाला घरगुती नाव आहे आणि ते ठाऊक असणे हिताचे, कारण माळ्याला वा फूलवाल्याला ‘कुमुद’ म्हटल्याने बोध होईलच असे नाही. गुजरातेत पोयणुं म्हणावे, ग्वाल्हेरकडे कुईं किंवा कोकाबेली, गोव्यात साळक, बेळगावकडे कानडीत नैदिले, हैदराबादेत तेलुगूतून कलुव, आणि तंजावरकडील आपले बांधव तमिळमधून अल्ली म्हणतील. बांगलादेशाच्या राजचिन्हावरचे शापला तेही कुमुदच.

रोप मिळवण्याचा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. रोपवाटिकेत ‘निळे कमळ’ म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा परदेशी जातींपासून तयार केलेला संकर असतो. फूल मोठे, रंग भडक जांभळा, आणि बहर लांबलेला. पिवळे फूल असेल तर विचारायलाच नको. आपल्या तळ्यांतल्या या दोन जातींत पिवळा रंग नाही. आणखी एक पक्की खूण सांगतो. पानाचा देठ जिथे पानाला मिळतो, तिथे पानाच्या पाठीवर चिमुकले नवे रोप फुटत असेल, तर ते देशी उत्पल नव्हे. ही सवय एका आफ्रिकी जातीकडून संकरांत उतरलेली आहे. फसगत केवळ आपलीच होते असे नाही. श्रीलंकेने १९८६ साली निळे उत्पल हे राष्ट्रपुष्प ठरवले. पण पुढे तिथल्याच वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, राष्ट्रपुष्प म्हणून चित्रांत व बागांत मिरवणारे जांभळे फूल हे मूळचे देशी उत्पल नसून एक बागाईत संकर आहे. साऱ्या राष्ट्राच्या बाबतीत जे घडते ते आपल्या गच्चीवर घडले तर नवल नाही.

मग देशी रोप आणावे कोठून? तळ्यात उतरून कंद उपटून आणू नये, हे आधीच सांगून ठेवतो. इंदूरचा सिरपूर तलाव २०२२ साली व वडोदऱ्याजवळचे वढवाणा २०२१ साली रामसर यादीत समाविष्ट झाले. अशा संरक्षित पाणथळीतून परवानगीवाचून काडीही उचलू नये. गावतळ्यातही तळाच्या गाळात पाय रुतून माणसे बुडतात, हे विसरू नये. ज्याच्या मालकीचे शेततळे वा ज्याने भाड्याने घेतलेले तळे आहे, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. शिंगाड्याची शेती करणारी मंडळी कुमुद हे तण समजून उपटून काठावर फेकतात. त्यांचे पोट शिंगाड्यावर आहे, त्यांना दोष देता येत नाही; पण त्या काठावरच्या ढिगातून दोन कंद मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. नागवेलीच्या पानांत गुंडाळलेली सुपारी दिसावी तसा तो कंद जुन्या देठांच्या बुडख्यांत लपेटलेला असतो. सुपारीपासून लहान लिंबाएवढा. दाबून पाहावा. टणक असेल तो जिवंत. बोट रुतले व घाण आली तर गेलेला.

टाकी रुंद हवी. खोलीपेक्षा रुंदीला महत्त्व अधिक. दोन-अडीच फूट व्यासाची व दीड फूट खोल, तळाला भोक नसलेली सिमेंटची वा प्लॅस्टिकची टाकी पुरते. गच्चीवर ठेवायची असेल तर भाराचा विचार आधी करावा : एवढ्या टाकीत दीड-दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे तितकेच किलो वजन, आणि माती वेगळी. ती भिंतीच्या वा तुळईच्या वर येईल अशी मांडावी. ऊन निदान सहा तास मिळाले पाहिजे. सावलीत पाने येतील, फूल येणार नाही. याला कोणतेही खत उपाय नाही.

कंद थेट टाकीच्या तळाशी न लावता एका पसरट कुंडीत लावून ती टाकीत बुडवावी. प्लॅस्टिकचे घमेले यासाठी उत्तम. माती चिकण हवी. माळव्यात आणि गुजरातेत काळी माती हाताशी आहेच. तळ्याचा गाळ मिळाला तर दुधात साखर. रोपवाटिकेत मिळणारे नारळाच्या भुशाचे हलके मिश्रण मुळीच नको. ते पाण्यावर तरंगून येते आणि त्याबरोबर कंदही. तळाशी दोन मुठी पूर्ण कुजलेले, जुने शेणखत. वर सहा इंच माती. कंद असा बसवावा की कोंब मातीच्या वर डोकावेल. त्यावर बोटभर जाड वाळूचा थर. ताजे शेण घातल्यास पाणी काळे पडते व कंद सडतो. प्रेमाच्या अतिरेकाने याचे जितके नुकसान होते तितके हेळसांडीने होत नाही.

आरंभी कुंडीवर चार-पाच इंचच पाणी ठेवावे. पाने वर येऊन पसरू लागली की हळूहळू एक फुटापर्यंत वाढवावे. पहिल्या काही आठवड्यांत पाणी हिरवे होते आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पाणी उपसून नवे भरले जाते, ते पुन्हा हिरवे होते, पुन्हा उपसले जाते. असे करू नये. ते हिरवेपण सूक्ष्म शेवाळाचे असते. पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की शेवाळाला ऊन मिळेनासे होते व पाणी आपोआप निवळते. उन्हाने आटेल तेवढीच भर घालावी. टाकीत मासे असतील तर नळाचे पाणी बादलीत एक दिवस ठेवून मग ओतावे. कारंजे बसवण्याचा मोह टाळावा. तरंगत्या पानाची श्वासरंध्रे वरच्या बाजूस असतात. पान सदा भिजते राहणे त्याला मानवत नाही, आणि कुमुद हे मुळातच संथ पाण्याचे रहिवासी आहे.

खत महिन्यातून एकदा, तेही फाल्गुनापासून दिवाळीपर्यंतच. मूठभर चिकण मातीत दोन चमचे हाडांचे खत मळून गोळी करावी, सावलीत सुकवावी आणि कंदापासून चार बोटे दूर मातीत खोल खोचावी. खत पाण्यात विरघळू देऊ नये. ते कुमुदाच्या आधी शेवाळाच्या तोंडी जाते. हाडांच्या खताला ज्यांच्या घरी हरकत असेल त्यांनी जुन्या शेणखताची गोळी करावी. फुले थोडी कमी येतील इतकेच.

आता डासांविषयी. घरच्या मंडळींची भीती अनाठायी नाही. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून टाकीत मासे असलेच पाहिजेत. माशांवाचून टाकी ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नगरपालिका वाटतात ते गप्पी मासे काम चोख करतात, पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. टाकीतून ओढ्या-तळ्यांत गेले तर तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात. पृष्ठभागालगत फिरणारा, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला बोटाच्या पेराएवढा देशी मासा बऱ्याच ओढ्यांत आढळतो. तो अळ्या आवडीने खातो. मिळाला तर त्यालाच पसंती द्यावी. अशा टाकीत कीटकनाशक टाकता येत नाही आणि निंबोळी पेंडही नको, कारण ती माशांना बाधते. पानांवर मावा दिसला तर पाने हाताने क्षणभर पाण्याखाली दाबावीत. मावा सुटतो, मासे त्याचा समाचार घेतात. पानाचे लंबगोल तुकडे कापून त्यांची घडी करून राहणारी एक अळी येते, ती वेचून काढण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

आणि आता मूळ प्रश्न, झोपेचा. ज्या उथळ तळ्यांत हे कुमुद वाढते त्यांपैकी कित्येक चैत्र-वैशाखात तळाला जातात, काही पुरती कोरडी पडतात. पाने नाहीशी होतात. गुरे त्या भेगाळल्या तळावरून चालतात. खाली हातभर गाळात ओल शिल्लक असते आणि त्या ओलीत कंद पडून असतो. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर पंधरवड्यात त्याच तळ्यावर तांबूस कोवळी पाने तरंगू लागतात. थंडीतही तसेच. इंदूर, ग्वाल्हेरकडे पौषातल्या गारठ्यात पाणी थंड होते, तेव्हा पाने लहान होत होत थांबतात. गोव्यात तितकी थंडी नाही, तिथे पाने टिकून राहतात. तेव्हा इंदूरच्या भगिनींनी जे पाहिले ते मरण नव्हते, ऋतुमानाप्रमाणे मिटणे होते.

अशा वेळी दोन मार्ग आहेत. पाणी पुरेसे असेल तर काहीच करू नये : कुजकी पाने कात्रीने काढावीत, खत बंद करावे, टाकी भरलेली ठेवावी आणि दक्षिणेच्या उन्हात सरकवता आली तर सरकवावी. फाल्गुनात कोंब दिसेल. पाण्याची टंचाई असेल, किंवा घरच्यांना रिकामी टाकी हवीच असेल, तर कंद काढून स्वच्छ धुवावेत, टणक तेवढे निवडावेत आणि ओलसर वाळूत घालून झाकणाच्या बरणीत, घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावेत. वाळू ओली हवी, चिंब नव्हे. पंधरा दिवसांनी एकदा पाहावी. कुंडी तशीच उन्हात वाळत मात्र ठेवू नये. तळ्याच्या गाळाची खोली कुंडीला नाही. तळ्यात कंदाला तारणारी ओल कुंडीत आठवडाभरात संपते आणि मग झोपेचे खरोखरच मरण होते. रिकाम्या टाकीच्या कडा काथ्याने घासून काढाव्यात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भिंतीलाही महिनोन्‌महिने चिकटून तग धरतात.

कोणी म्हणेल, तळी भरून येतातच, मग घरी एवढा खटाटोप कशाला? तळी भरून येत नाहीत, हीच अडचण आहे. काही बुजवली गेली. काहींवर जलपर्णीची चादर पसरली, जिच्याखाली कुमुदाला उजेडच मिळत नाही. काहींचे काठ ‘सुशोभीकरणा’त सिमेंटने बांधून काढले, आणि कुमुदाला हवा असतो तो उतरता, चिखलट उथळ काठ नाहीसा झाला. कमळपक्षी या तरंगत्या पानांवर घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते, नर ती उबवतो; पाने गेली की त्या बिचाऱ्या बापाला उभे राहायलाही जागा नाही. आपल्या मराठी मंडळींनाही यात थोडे ऐकून घ्यावे लागेल. परमुलखात आपण गणेशोत्सव टिकवला याचा अभिमान बाळगताना, त्या गावच्या तळ्यात प्लास्टर आणि रंग आपणही ओतले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. आपल्या घरची मूर्ती शाडूची असावी व ती बादलीत विसर्जित व्हावी, इतके तर आपल्या हाती आहे. निर्माल्यही तळ्यात नको.

आणि घरी वाढलेले जादा रोप ‘सोडून देऊ’ म्हणून तळ्यात टाकणे, हे पुण्य समजू नये. ते संकराचे असेल तर मूळच्या जातीत भेसळ होते. त्याबरोबर टाकीतली गोगलगाय व गप्पी जातात ते वेगळेच. जादा कंद शेजारी द्यावेत.

त्याहून चांगले म्हणजे बी द्यावे. उत्पलाचे फूल तीन-चार दिवस उमलते-मिटते आणि फळ धरले की देठ वळून ते पाण्याखाली नेते. हे फळ पाण्यातच पिकते व फुटते. म्हणून मिटल्यानंतर आठवड्याभराने त्याभोवती मलमलीची लहान पिशवी सैलसर बांधावी, नाही तर शेकडो बिया तरंगून इतस्ततः होतात. पिकण्यास दोन-तीन आठवडे लागतात. बिया मोहरीहून बारीक, भोवती फेसासारखे वेष्टन असलेल्या. वेष्टन विरले की तळाशी बसतात. त्या वाळवू नयेत, पाण्यातच ठेवाव्यात. पेरताना थाळीत दोन बोटे चिकण माती, वर बी भुरभुरून इंचभर पाणी, आणि थाळी उजेडात. गवताच्या पात्यासारखी पहिली पाने पाण्याखालीच दिसतात, ती शेवाळ समजून काढू नयेत. तरंगते पान आले की एकेक रोप वेगळ्या वाटीत हलवावे. फूल बहुधा पुढल्या पावसाळ्यात.

इंदूरच्या भगिनींनी सासूबाईंचे वय लिहिले आहे, म्हणून त्यांना बियांच्या वाटेने न जाता कंदच मिळवण्याचा सल्ला देतो. आषाढात लावलेला टणक कंद गणपतीच्या आगेमागे फुलावर येऊ शकतो. ज्या वाचकांच्या टाकीत खरे देशी उत्पल आहे, त्यांनी यंदा दोन फळांना पिशव्या बांधाव्यात. टपालाने बी पाठवायचे तर ओल्या कापसात गुंडाळून प्लॅस्टिकच्या लहान डबीत घालावे व डबीवर फुलाचा रंग, फुलण्याची वेळ आणि गावाचे नाव लिहावे.